पितळी बिल्ला

ख्रिस्ती मंडळीची भाकर भाजायच्या कमलबाई आणि खायचे बाकीचे सगळे. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं अशी आपल्यात म्हण आहे. पण इथे दळणारी चांगली डोळस होती आणि खाणारे इस्त्रीचे कोट घालून यायचे, एवढाच काय तो फरक.

दर तीन महिन्यांनी प्रभुभोजनाचा रविवार यायचा; प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून ख्रिस्ती देवळात भाकरीचा एकेक तुकडा खायचा. आदल्या दिवशी छावणीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात कमलबाई माळव्याच्या गव्हाची कणीक कोमट पाण्यात मळायच्या. मीठ नाही, तेल नाही. जाड पोळी लाटायची, मंद विस्तवावर दोन्ही अंगांनी कोरडी भाजायची, कुठे काळा डाग पडू द्यायचा नाही. मग कडा कापून टाकायच्या आणि चिमटीत मावतील एवढाले चौकोनी तुकडे करून पांढऱ्या फडक्यात बांधायचे. फडकंही त्यांनीच धुतलेलं, त्यांनीच नीळ दिलेलं. कापलेल्या कडा त्या अंगणातल्या भिंतीवर ठेवायच्या, कावळे घेऊन जायचे.

"कावळ्यांना चालतं बघ," शेजारच्या सखुबाई कुंपणापलीकडून म्हणायच्या. "बस तुलाच चालत नाही. गजब इन्साफ आहे बाबा हा!"

सखुबाई दवाखान्यात आया होत्या, त्याच मंडळीतल्या, आणि जिभेला हाड नसलेल्या. कमलबाई उरलेल्या कडा भिंतीवर मांडत राहायच्या.

या मंडळीत एक जुनी रीत होती. मंडळी मराठी माणसांची, लहानशी. पण ती वसवणाऱ्या गोऱ्या साहेबाने आपल्या मुलखातली ही रीत इथे रुजवून ठेवली होती. भोजनाच्या आदल्या आठवड्यात मंडळीचे वडील, म्हणजे निवडून दिलेले पुढारी, घरोघर जात. माणसाची विचारपूस करत, अंतःकरण तपासत, आणि योग्य वाटला तर त्याच्या हातावर एक पितळी बिल्ला ठेवत. त्यावर द्राक्षाचा घोस कोरलेला. रविवारी बिल्ला दाराशी द्यायचा आणि भाकर मांडलेल्या मेजाकडे जायचं. बिल्ला नाही त्याने मागच्या बाकावर बसायचं आणि इतरांना खाताना बघायचं. साहेब गेला, इंग्रज गेले, होळकरांचं राज्य गेलं, मध्य भारत आला तसा गेलाही, मध्य प्रदेश झाला, कचेऱ्या उठून भोपाळला गेल्या. बिल्ला मात्र जागचा हलला नाही.

आणि कमलबाईंना तो कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. नाकारणारे कोण, तर त्या पुढाऱ्यांपैकीच एक, त्यांचे यजमान, दिनानाथ मास्तर.

कमलबाई मूळच्या होळकरांच्या फौजेतल्या घराण्यातल्या. वडील जयसिंगराव घोडदळात होते, मिशा पिळून बोलणारे. मिशनच्या शाळेत शिकताना पोरीने बाप्तिस्मा घेतला आणि शाळेतल्याच मास्तराशी लग्न केलं, तेव्हा म्हातारबांनी तिच्या नावाने आंघोळ केली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. कमलबाईंनीही काढलं नाही. बापाचाच पीळ तो. मग एके दिवशी आबा गेल्याचा निरोप आला, आणि दहाव्याला भाऊ तुकोजी टांगा घेऊन थेट दारात उभा राहिला.

"कमल, चल. पटकन चल भेन. कावळा शिवतच नाहीये. सुबेपासून घाटावर बसलोय सगळे. जमीन बोललो, घर बोललो, आईला सांभाळू म्हणून बोललो, तो झाडावरून हलायचं नाव नाही घेत. भटजी म्हणतात दर्भाचा करून टाका. अरे, दर्भाचा कसा करू? आबांचा जीव तुझ्यात अटकलाय, मला मालूम आहे."

मास्तर तेव्हा शाळेत होते. विचारायला जायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर विचारायचंही नव्हतं. कमलबाई टांग्यात बसल्या.

खान नदीच्या काठी पिंड मांडलेला होता आणि सगळा गोतावळा उन्हात ताटकळत उभा होता. कमलबाई लांबच थांबल्या. त्यांनी दर्भाला हात लावला नाही, पाणी सोडलं नाही, कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही. नुसते हात जोडले आणि म्हणाल्या, "आबा, मी खुशाल आहे. माझी काळजी नका करू. जा तुम्ही."

कावळा फांदीवरून उतरला, दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली.

तुकोजी लहान पोरासारखा रडला. कमलबाईही रडल्या, पण त्यांचं रडणं वेगळं होतं. इतकी वर्षं जो बाप तोंड फिरवून बसला होता तो वळला, असं त्यांना वाटलं. काही न मागता, माफीचा शब्दही न बोलता, माफ करून गेला. अंगावरचं मणाचं ओझं उतरावं तशा त्या घरी आल्या आणि भाबडेपणाने नवऱ्याला सगळं सांगून बसल्या.

मास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला. मग त्यांनी ही गोष्ट वडिलांच्या सभेत स्वतःच मांडली. दुसऱ्या कोणी मांडावी आणि घरचं म्हणून झाकलं असा ठपका यावा, त्यापेक्षा आपणच मांडलेली बरी. सभेने कमलबाईंना बोलावलं. मूर्तिपूजकांच्या विधीत भाग घेतलास, पश्चात्ताप आहे का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मंडळीला दुःख झालं असेल तर मला वाईट वाटतं." हे चाललं असतं. माणसं काही राक्षस नव्हती, घड्याळाकडे बघत होती. पण तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, "कावळा शिवला तेव्हा तुम्हाला आनंद झाला का?"

कमलबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. "झाला," त्या म्हणाल्या.

"अजून होतो? आठवलं की?"

"होतो."

झालं. बिल्ला बंद.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक तमाशा व्हायचा, ज्याला तमाशा म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्यांच्या गल्लीतली घरं तपासायचं काम मास्तरांकडेच होतं. शनिवारी ते काळा कोट घालून बाहेर पडत, सगळी घरं करत आणि शेवटी स्वतःच्या घराची कडी वाजवत. कमलबाई दार उघडत, खुर्ची पुढे करत, पाणी देत आणि पदर सावरून उभ्या राहत. एरवी त्यांना 'तू' म्हणणारे मास्तर त्या वेळी 'तुम्ही' म्हणत. आणि प्रश्न तोच. अजून आनंद होतो का?

एक 'नाही' म्हटलं की सुटका होती. बाकीची मंडळी काय दर वेळी खरं बोलत होती? तुकोगंजातला एक कंत्राटदार तर दारूचा वास लपवायला वेलदोडे चघळत बिल्ला घेऊन जायचा. पण कमलबाईंना प्रभूच्या मेजाकडे खोटं बोलून जायचं नव्हतं. मग दुसऱ्या वाटेने पोचू, असं त्यांनी ठरवलं. देऊळ झाडलं, मेजावरची कापडं धुतली, राऊ गावापर्यंत पायी जाऊन आजारी बायकांची सेवा केली, पटकीच्या साथीत लोकांची घाण काढली. भाकर भाजण्याचं काम मागून घेतलं. देव काही आंधळा नाही, एक दिवस मास्तरांच्या मनात तोच घालील, अशी त्यांची समजूत. भोजनाच्या आदल्या शनिवारी दर वेळी वाटायचं, या खेपेला प्रश्नच विचारणार नाहीत. दर खेपेला मास्तर विचारायचे, 'होतो' ऐकायचे, मान हलवून उठायचे, कोट खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, "चहा टाक."

आणि मंडळीत मास्तरांचा मान वाढत गेला. माणूस असावा तर असा, लोक म्हणायचे, स्वतःच्या बायकोलाही सोडलं नाही. भांडणतंट्यात त्यांचा शब्द अखेरचा ठरू लागला. बायकोला उपाशी ठेवून कमावलेला मान तो, पण मान म्हटला की कुठून आला हे कोण विचारतं!

एका वर्षी नगरकडून नवीन पाळक, म्हणजे पाद्री, आले. लक्ष्मीकांत सोनवणे, तरुण, सायकलवर फिरणारे, मोठ्याने हसणारे. भोजनाच्या दहाएक दिवस आधी ते भाकरीचं बघायला म्हणून कमलबाईंकडे आले आणि सहज म्हणाले, "बाई, तुमचा बिल्ला झाला का?" सखुबाई कुंपणाशीच होत्या. कमलबाईंच्या आधी त्यांनीच सगळी हकिकत पाळकांच्या कानावर घातली.

पाळकांचं हसू मावळलं. पुढच्या रविवारी ते व्यासपीठावरून म्हणाले, यापुढे बिल्ला नाही. मेज प्रभूचं आहे, वडिलांचं नव्हे. ज्याला भूक आहे त्याने यावं. कृपा कमवायची नसते, ती फुकट असते. आणि लायकी बघून दिली तर ती कृपाच नव्हे, मजुरी झाली.

पुढच्या बाकांवर कुजबुज झाली. मास्तर ताठ बसून राहिले. मागच्या बाकावर कमलबाईंना मात्र आनंद झाला नाही. उपासना संपल्यावर त्यांनी पाळकांना दाराशी गाठलं.

"पाळकसाहेब, हे फुकट कधीपासून झालं?"

"कधीपासून म्हणजे? पहिल्यापासून, बाई. वधस्तंभावर तो मेला तेव्हापासून." पाळक आनंदाने बोलत होते. आपण या बाईला केवढी मोठी गोष्ट देतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "तुम्ही काही करायची गरजच नव्हती."

"मी केलं ते?"

"त्याची गरज नव्हती."

"मग मला इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही?"

पाळकांनी बायबलमधलं एक वचन सांगितलं. वचन चांगलं होतं, पण ते या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. कमलबाई सलाम करून निघाल्या. रस्ताभर त्यांना पटकीच्या बादल्या आठवत होत्या, राऊचा तो धुळीचा रस्ता आठवत होता, आणि वाटत होतं, कोणीतरी आपल्याला आयुष्यभर विहिरीवर पाणी शेंदायला लावलं आणि आता म्हणतंय, नळ तर परसातच होता, तुम्ही बघितला नाहीत.

भोजनाच्या आदल्या दिवशी त्यांनी भाकर भाजली. भाजू नये असं मनात आलं होतं, पण हाताला सवय होती. उन्हं कलताना दाराची कडी वाजली. दारात मास्तर उभे, अंगात काळा कोट.

"आता कशाला?" कमलबाई म्हणाल्या. "बंद झालं ना ते?"

मास्तर आत आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. खिशातून त्यांनी बिल्ला काढला आणि तळहातावर पुढे धरला. "घे," ते म्हणाले. 'घ्या' म्हणाले नाहीत. "उद्या काय, कोणीही ऐरागैरा येईल. तू तरी रीतसर ये."

कमलबाई त्या पितळी चकतीकडे बघत राहिल्या. द्राक्षाचा घोस झिजून गुळगुळीत झाला होता. बैल गेला आणि झोपा केला! पण हसू आलं नाही. "प्रश्न नाही विचारायचा?"

"नको."

"विचारा. इतकी वर्षं विचारलात."

"कमल, खामखा ताणू नकोस."

"विचारा म्हणते ना."

मास्तरांनी खाली बघून विचारलं, "अजून आनंद होतो?"

"होतो," कमलबाई म्हणाल्या. "पहिल्याइतकाच."

मास्तरांचा हात मागे गेला नाही. बिल्ला तसाच पुढे धरलेला राहिला, आणि तेव्हा कमलबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा हात पहिल्या शनिवारीही असाच राहू शकला असता. आड आला तो देव नव्हता, कावळाही नव्हता.

"मग तेव्हा का नाही दिलात?"

"तेव्हा लोक काय म्हणाले असते?" मास्तर म्हणाले. "वडिलाची बायको म्हणून सोडली म्हणाले असते."

त्यांनी बिल्ला कापलेल्या कडांच्या शेजारी पाटावर ठेवला आणि कोट न काढताच बाहेर निघून गेले. चहा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी देऊळ गच्च भरलं होतं. कधी न फिरकणारेही आले होते. फुकट म्हटल्यावर माणसं येतातच. पाळकांनी भाकर मोडली, आशीर्वाद दिला आणि मेजापाशी एवढी माणसं मावेनात म्हणून वडील मंडळी ताटं घेऊन बाकांकडे निघाली. कमलबाईंच्या बाकाकडे येणारं ताट मास्तरांच्या हातात होतं. सगळ्या माना तिकडे वळल्या. सखुबाईंनी कोपराने ढोसलं. कमलबाईंनी एक तुकडा उचलला आणि तोंडात ठेवला.

अळणी. अळणी असणारच, मीठ घालत नव्हत्या त्या. पण मेजावरून आल्यावर तीच भाकर काहीतरी वेगळी होत असेल, असं इतकी वर्षं मागच्या बाकावरून त्यांना वाटत आलं होतं. त्या चावत राहिल्या, वाट बघत राहिल्या. काही झालं नाही. शेवटी पीठच ते. डोळ्यांत पाणी आलं, आणि बघणाऱ्यांना ते भक्तीचं वाटलं.

लोकांचं झाल्यावर पाळकांनी वडिलांना वाढायला घेतलं. एकेक हात पुढे होत होता. मास्तरांसमोर ताट आलं तेव्हा त्यांचे हात मांडीवरच राहिले. पाळक हळूच काही म्हणाले. मास्तरांनी मान हलवली. ताट पुढे गेलं. साऱ्या देवळाने पाहिलं की ज्यांनी बिल्ले वाटले ते आज उपाशी राहिले.

घरी आल्यावर मास्तरांनी कोट खुंटीला लावला आणि भिंतीशी उभे राहिले. कमलबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या खुर्चीवर त्या सहसा बसत नसत.

"माझ्याच्याने घेववलं नाही," मास्तर म्हणाले.

"दिसलं."

"पाळक म्हणतात ते खरं असेल, तर मग मी तुझं काय केलं?" मास्तरांचा आवाज फुटला. शाळेत, सभेत, कुठेच न फुटलेला आवाज. "आणि ते म्हणतात, तेही माफ आहे. फुकट. असं कसं घेऊ मी? कमल, देवाचं राहू दे. तू मला माफ कर. तू म्हणालीस तर पुढच्या खेपेला मी हात पुढे करीन."

कमलबाईंना काय म्हणायचं ते ठाऊक होतं. घाटावर त्यांच्या बापाने, पाखराच्या चोचीने का होईना, तेच म्हटलं होतं. एकच शब्द होता, आणि त्याला काही पडत नव्हतं. तो ओठांपर्यंत आलाही असेल. पण त्याच्या वाटेत बादल्या होत्या, धूळ होती, मागचा बाक होता, आणि दर खेपेचं ते "चहा टाक" होतं.

"मनापासून वाईट वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुम्ही बायकोलाही सोडलं नाहीत म्हणून लोक तुम्हाला मानायचे. तेव्हा तुम्हाला आनंद झाला होता का?"

ही बाई काय विचारते आहे ते मास्तरांना कळलं. एक 'नाही' म्हटलं की सुटका होती. पण इतकी वर्षं खरं बोलणाऱ्या माणसासमोर उभं राहून थोडं तरी अंगी लागतंच.

"झाला होता," ते म्हणाले.

"अजून होतो? आठवलं की?"

भिंतीवर कावळा ओरडत होता, कालच्या कडा संपल्या होत्या. मास्तरांनी मान खाली घातली. "थोडा होतो."

"बरं," कमलबाई म्हणाल्या. त्या उठल्या, पाटावरचा बिल्ला उचलला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकला. "पुढच्या भोजनाच्या आधी पुन्हा विचारीन तुम्हाला."

आणि त्या स्वयंपाकाला लागल्या. आपण काय केलं ते त्यांना पुरतं कळलं होतं. सकाळचा घास अजून दाताशी अडकलेला होता. तरीही चुलीपुढे बसून फुंकर घालताना त्यांना आनंद झाला. आणि या आनंदाबद्दल त्यांना विचारणारं आता कोणी उरलं नव्हतं.